अर्धलीचे रविवार

आमच्या गल्लीत सकाळ वरून खाली उतरते. दुकानांची शटरं अजून रात्रीच्याच रंगात असतात, क्लासच्या फलकांवरचे गुणवंतांचे चेहरे ओळखू येत नाहीत, दूधवाल्याच्या गाडीचा दिवा लागलेलाच असतो; आणि त्याच वेळी समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर एक फिकट पिवळी रेघ उमटते. तिला कसलीही घाई नसते. टाकीवरून ती गच्चीच्या कठड्यावर येते, दोरीवर विसरलेल्या एखाद्या टॉवेलला थोडा वेळ उजळते, मग पावसाळ्याने भिंतीवर सोडलेल्या काळ्या ओघळांमधून वाट काढत तिसऱ्या मजल्याच्या खिडकीशी येऊन थांबते. गेल्या वर्षी त्या खिडकीला पडदे नव्हते. ऊन सरळ आत जायचं. रिकाम्या खोलीची मागची भिंत, त्या भिंतीवर कॅलेंडरसाठी मारलेला आणि जाताना कुणी न काढलेला एक खिळा, त्या खिळ्याची लांबट सावली, हे सगळं आमच्या खोलीतून दिसे. सावली हळूहळू आखूड होई. ऊन काचेवर पुरतं आलं की त्यातला एक तुकडा माघारी फिरे, गल्ली ओलांडून आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत शिरे, आणि कपाटाशेजारच्या भिंतीवर कवडसा होऊन थरथरत राही. आमच्या खोलीचं तोंड पश्चिमेला. राजारामपुरीतली सकाळ आम्हाला अशी दुसऱ्याच्या काचेवरून उसनी मिळे.

अक्काताई त्या वेळी खाटेवर बसून उकळून गाळलेलं कोमट पाणी पीत असे. अक्काताई माझी आत्या. समोरच्या खिडकीत ऊन शिरलं की ती तांब्या खाली ठेवी.

"आलं बघ तम्मा," ती म्हणे. "आपल्या घरात आलं."

ते घर आमचं नव्हतं. ते एका निवृत्त मुख्याध्यापकांचं होतं, आणि त्यांना ते विकायचं होतं.

अक्काताई शिरोळ तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या गावची. नवरा लवकर गेला, मूल नव्हतं. शेताचा एक तुकडा आणि घर एवढंच तिच्या मागे राहिलं. त्या घरात दोनदा पूर आला. पहिल्यांदा पाणी माळ्याला लागलं, तेव्हा ओसरल्यावर तिने स्वतःच्या हातांनी चिखल उपसला. दुसऱ्यांदा बोटीत बसताना तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. चार दिवसांसाठी म्हणून ती माझ्या भाड्याच्या खोलीत आली. वडील गेल्यापासून आई माझ्या बहिणीकडे, आदितीकडे, पुण्याला असते; मी एकटाच होतो, जागा होती. ते चार दिवस संपलेच नाहीत. पुढे तिच्या शेतातली एक पट्टी महामार्गात गेली आणि मोबदला हातात आला, तेव्हा तिने एकच मागणी केली.

"पानी आल्यावर मला जिना चढायला लागंल असलं घर नगं. पान्याला जिना चढायला लागंल असलं घर पायजे."

मुख्याध्यापकांनी किंमत सांगितली. अक्काताईजवळची रक्कम त्या किमतीच्या निम्म्याहून थोडीच अधिक भरत होती. "मला घाई नाही," ते म्हणाले, "पण मी काही कायमचा थांबणार नाही."

ती रक्कम वाढवण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण माझा धंदाच तो. मी तात्यासाहेबांच्या कार्यालयात काम करतो. आमच्याच जैन समाजातले ते, गुंतवणूक सल्लागार, आणि फार गोड बोलणारे गृहस्थ. म्युच्युअल फंडांचे तक्ते मी करतो, लोकांशी बोलतात ते. इचलकरंजीचा लूमवाला असो की जयसिंगपूरचा डॉक्टर, प्रत्येकाला ते एकच वाक्य ऐकवतात: "सगळा ऊस एकाच कारखान्याला घालू नये." या जिल्ह्यात त्या वाक्याला आणखी स्पष्टीकरण लागत नाही.

अक्काताईला मात्र कागद पटेना. "कागद आजारी पडला तर डॉक्टर कुनाला बोलवायचा?" असं तिने तात्यासाहेबांना त्यांच्याच खुर्चीसमोर विचारलं. तात्यासाहेब हसले, आणि मी खाली बघत राहिलो. तिचा विश्वास श्वास घेणाऱ्या गोष्टींवर होता. आणि त्या वर्षी आमच्या भागात श्वास घेणाऱ्या गोष्टींपैकी एकीच्या किमती सकाळच्या उन्हाच्या अगदी उलट दिशेने चालल्या होत्या, खालून वर, आणि फार घाईत.

बैलगाडा शर्यतींवरची बंदी उठून काही काळ लोटला होता. जवळजवळ प्रत्येक गावाच्या माळावर मैदानं भरू लागली होती. कुणाच्या वाढदिवसाचं, कुणाच्या पाठिंब्याचं, कुणाच्या उमेदवारीच्या इच्छेचं. वर्षानुवर्षं गोठ्यात नुसता उभा असलेला खिलार बैल न्यायालयाच्या एका निकालाने मोलाचा झाला होता. आणि बैलाहून मोलाचा झाला होता खोंड, म्हणजे अजून एकदाही न पळालेलं कोवळं नर वासरू. कारण जो पळाला नाही तो हरलाही नाही. त्यातही कागलकडच्या विजयसिंहांच्या पाखऱ्या नावाच्या बैलाचा खोंड असेल तर विचारायलाच नको. पाखऱ्याने एवढी मैदानं मारली होती की लोक आपल्या गाई टेम्पोत घालून, लांबून लांबून त्याच्या दारी फळवायला आणत. "पाखऱ्याचा हाय," एवढं म्हटलं की समोरचा पुढचा प्रश्न विचारत नसे.

मी अक्काताईच्या श्रद्धेला माझ्या शास्त्राची जोड दिली. एक महागडा खोंड घेण्याऐवजी आठ घ्यायचे. आठ गावांत, आठ घरी, अर्धलीने ठेवायचे. अर्धली ही आमच्याकडची जुनी रीत: जनावर एकाने घ्यायचं, दुसऱ्याने वैरणपाणी करून वाढवायचं, आणि विकल्यावर खरेदीच्या वरचा जो फायदा होईल तो निम्मानिम्म. लिखापढी नसते. मी गावं फार विचारपूर्वक निवडली. दोन पंचगंगेकाठी, एक वारणेकाठी, काही पन्हाळ्याच्या चढावर, जिथे कुठल्याच नदीचं पाणी पोचणार नाही. वैरण वेगळी, जनावरांचा डॉक्टर वेगळा, वयं वेगळी. एखाद्या गोठ्यात रोग शिरला तर दुसऱ्यात शिरू नये, एक नदी चढली तर दुसऱ्या नदीकाठचा खोंड कोरडा राहावा. तो तक्ता मी कार्यालयातल्या कुठल्याही तक्त्यापेक्षा अधिक प्रेमाने केला होता. तात्यासाहेबांना दाखवला.

त्यांनी चष्मा वर सरकवला. "आणि बाप?"

"पाखऱ्या."

"आठांचा?"

"सर, किंमत त्याच नावाला आहे. दुसऱ्याचा घेतला तर वाढणारच नाही."

"म्हणजे कारखाने आठ, पण बेणं एकच की रे!" ते मोठ्याने हसले, आणि समोर बसलेलं गिऱ्हाईकही हसलं. मीही हसलो. वाक्य सुंदर होतं. मी ते एक वाक्य म्हणूनच ऐकलं.

मग रविवार सुरू झाले.

माझ्या रविवारांविषयी त्यापूर्वी सांगण्यासारखं काही नव्हतं. अक्काताई सकाळीच बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, जाई आणि दुपारपर्यंत तिथल्या बायकांत रमे. मी गल्लीकडे बघत बसे. लोकांशी बोलायचं म्हटलं की माझ्या मनात वाक्य आधी तयार होतं, मग मी ते तपासतो, आणि तपासून होईपर्यंत बोलण्याचा विषय पुढे निघून गेलेला असतो. पण अर्धलीची एक शिस्त आहे. मालकाने अधूनमधून तोंड दाखवावं लागतं. नाहीतर जनावर परकं होतं आणि पाळणारा हिरमुसतो. म्हणून मी दर रविवारी मोटारसायकल काढून दोन-तीन गावं करू लागलो. आणि मला असा शोध लागला की गोठ्यात दोन माणसं एका खोंडाकडे बघत शेजारी शेजारी उभी राहिली, तर त्यालाच बोलणं म्हणतात. अर्धा तास न बोलता गेला तरी निघताना कुणी म्हणत नाही की हा माणूस बोलला नाही.

पन्हाळ्याच्या वाटेवर झुंबरबाईंचं घर. नवरा-बायको दोघंच, मुलगी क्रांती सासरी. झुंबरबाई मला लांबूनच हाक मारत.

"या की पावणं! आज खोंडाला बघायला आलासा का च्याला?"

"दोन्हीला."

"बोलला गं बया! आवं ऐकलं का, पावणं बोललं!" त्या आत नवऱ्याला ओरडून सांगत. मग चहा येई, मग चहाबरोबर काहीतरी, मग जेवूनच जा. मी जैन, म्हणून त्या माझ्यासाठी कांदा-लसणाशिवाय वेगळी आमटी करत आणि ती करताना माझ्या वाडवडिलांना सौम्य शिव्या देत. "लसूण न्हाय, कांदा न्हाय, मग तुमी जित्तं ऱ्हाता कशावर? आन लगीन कवा करतासा? का आदी खोंडाचं?"

शिरोळच्या बाजूला ज्ञानू. त्याचा गोठा रस्त्यालगत, आणि त्याने खोंडाच्या नावाने मोबाईलवर खातं उघडलं होतं. खोंडाने कान हलवला तरी तो त्याचं चित्रण करी. "पावणं, ह्यो खोंड न्हवं," तो म्हणायचा, "ह्यो चेक हाय चेक. नुसती तारीख टाकायची हाय." त्याची आई चुलीपुढून म्हणायची, "चेकाचं श्याण काडायला ये आता."

मला उत्सुकता होती ती एका गोष्टीची: किंमत नेमकी राहते कुठे? मी खोंडाच्या डोळ्यांत बघत असे. काळेभोर, ओलसर, आणि त्यांत मी लहानसा, वाकडा. एका रविवारी ज्ञानूने सांगितलं की पाखऱ्याच्या एका खोंडाला म्हसवडकडच्या कुणीतरी मागच्या भावाच्या दीडपट दिले. म्हणजे त्या आठवड्यात आमच्या आठांची किंमतही तेवढी वाढली. मी खोंडाकडे बघितलं. तो मागच्या रविवारएवढंच उसाचं वाडं खात होता. त्याचे खूर तेच, वशिंड तेच, शेपटीचा झुबका तोच. जे वाढलं ते त्याच्यात कुठेच दिसत नव्हतं. मग ते कुठे होतं? ज्ञानूच्या आवाजात? न बघितलेल्या त्या म्हसवडच्या माणसाच्या मनात? की माझ्या, ज्याने ते ऐकताच स्वतःच्या नकळत खोंडाची पाठ जास्त जपून थोपटली?

उन्हाळा, पावसाळा असा गेला. त्या वर्षी पुराने अक्काताईच्या गावाच्या वेशीपर्यंत येऊन विचार बदलला. अक्काताई बातम्या बघताना पाय खाटेवर घेऊन बसायची, जणू पाणी दूरदर्शनच्या पडद्यातून फरशीवर उतरेल. आणि दसऱ्याच्या आधी सम्राट आले.

सम्राट इचलकरंजीचे. त्यांचे यंत्रमाग होते. माग मंदावल्यावर त्यांनी बैलांत पैसा घातला आणि तो मागांपेक्षा वेगाने धावला. ते आमच्या खोलीत आले, खाटेवर बसले, अक्काताईला नमस्कार केला आणि म्हणाले, "अक्का, आठच्या आठ द्या. दसऱ्याचं सोनं करून टाकूया."

त्यांनी आकडा सांगितला. पाळणाऱ्यांचे वाटे वजा करून, होतं ते जमेस धरून, समोरच्या घराला तो पुरत होता. थोडे उरतही होते, पडद्यांना. अक्काताईने खिडकीतून समोर बघितलं. दुपार होती. समोरची खिडकी त्या वेळी अंधारी असते.

"देऊन टाक तम्मा," ती म्हणाली.

मी सम्राटांना म्हणालो, की मी कळवतो. ते गेल्यावर मी अक्काताईला समजावलं. माझ्या आयुष्यात मी इतकं सलग कधी बोललो नसेन. म्हणालो, गुढीपाडव्यापर्यंत थांबू. मैदानांचा खरा हंगाम आता सुरू होतोय. आपले खोंड दोन दाती होतील, पळण्याच्या वयाचे होतील, तेव्हा किंमत आजच्याहून चढी असेल. आणि धोका म्हणशील तर तो आपण आठ ठिकाणी वाटून ठेवलाय. एक आजारी पडला तर सात आहेत. दोन पडले तर सहा आहेत.

"आन सगळं पडलं तर?"

"सगळे एकदम पडत नाहीत, अक्काताई. म्हणून तर वेगवेगळे ठेवलेत."

"पूर आला तवा," ती म्हणाली, "आमच्या गल्लीतल्या समद्या घरांस्नी येगळं येगळं कुलूप हुतं." आणि मग उठून पाणी गाळायला गेली. जाताना म्हणाली, "तू शिकलेला हाईस. तुला कळतं ते कर."

पौषाच्या अखेरीस एका मोठ्या मैदानाला मी गेलो. त्याआधी मी शर्यत कधी पाहिली नव्हती. माळावर धूळ, भोंग्यावर एकच माणूस न थांबता बोलत होता, आणि माणसं इतकी की माळ दिसत नव्हता. पाखऱ्या छकड्याला जुंपलेला आला तेव्हा गर्दीतून आवाजाची नाही, शांततेची लाट गेली. मग झेंडा पडला. जे दिसलं ते एवढंच: एक पांढरी गोष्ट डावीकडून उजवीकडे गेली आणि मागे राहिलेली हवा हलत होती. पाखऱ्याने मैदान मारलं. विजयसिंहांच्या फेट्यावर, मिश्यांवर, पाखऱ्याच्या पाठीवर गुलाल. माझ्या शेजारच्या अनोळखी माणसाने मला मिठी मारली. माझ्याही अंगाला गुलाल लागला आणि मी तो घरी आल्यावर लगेच धुतला नाही.

त्या मैदानानंतर पाखऱ्याच्या खोंडांना कुणी विचारेनासं झालं.

आधी मला वाटलं, एखादा आठवडा. ज्ञानू म्हणाला, लग्नसराई आहे. पुढच्या रविवारी त्याच्या खोंडाला बघायला येणारे दोघे आलेच नाहीत. झुंबरबाईंकडे एकजण आला, खोंडाभोवती फिरला, दात बघितले, आणि पाणी पिऊन गेला. किंमत विचारलीच नाही. नंतर एक खोंड कुठेतरी दसऱ्याच्या भावाच्या निम्म्याने गेल्याचं कानावर आलं, आणि त्यानंतर एक आणखी खाली. आमच्या आठांपैकी एकही आजारी नव्हता. एकाच्याही नदीला पूर नव्हता. आठही गोठ्यांत आठही खोंड धडधाकट उभे होते आणि एकाच वेळी, एकाच मापाने, ते स्वस्त झाले होते.

मला दुःख व्हायला हवं होतं. झालंही असावं. पण त्याच्यावर एक विलक्षण कुतूहल पसरलं होतं. हे कशामुळे झालं? पाखऱ्या हरला असता तर मला कळलं असतं. तो तर जिंकला होता. मी प्रत्येक घरी विचारत सुटलो, आणि प्रत्येक घरी उत्तर तयार होतं. ज्ञानू म्हणाला, निवडणुका झाल्या, आता मैदानं भरवणार कोण? वारणाकाठच्या घरी म्हणाले, कारखान्यांचा हंगाम उरकत आला, वाडं महागलं, पोसायचं परवडत नाही. झुंबरबाई म्हणाल्या, नजर लागली, दुसरं काय. प्रत्येकाला आपलं कारण पक्कं ठाऊक होतं, आणि दसऱ्याला यांतलं एकही कारण कुणाला ठाऊक नव्हतं. खरं तर निवडणुका तेव्हाही होणारच होत्या, आणि कारखान्यांचा हंगाम दर वर्षी संपतो.

मी सम्राटांना फोन केला. त्यांनी लगेच उचलला. माणूस सरळ होता.

"तुम्ही का थांबलात?" मी विचारलं.

"आता काय सांगू तुमाला? बाकीचे थांबले म्हणून थांबलो."

"ते का थांबले?"

पलीकडे थोडा वेळ मागाचा खडखडाट ऐकू आला. "म्या थांबलो म्हणून असंल," ते म्हणाले, आणि दोघांनाही हसू आलं. "पर एक सांगतो. त्या दिवशी माळावर पाखऱ्या आला ना, तवा मी त्याच्याकडं न्हाय बघितलं. गर्दीकडं बघितलं. म्हटलं, एवढी माणसं, आन हरेकाच्या घरी पाखऱ्याचा खोंड हाय. मग इकत घेणारा ऱ्हायला कोन?"

विजयसिंहांकडे मी एकदाच गेलो. अंगणात कडुलिंबाखाली पाखऱ्या बसून रवंथ करत होता. दारात पूर्वी गाई उतरवणाऱ्या टेम्पोंची रांग असे. आता त्या जागी मिरच्या वाळत होत्या. विजयसिंह उंच, भरदार, आवाज मात्र मऊ. माझ्या खोंडांची त्यांना नावानिशी माहिती होती.

"गुलाल बी आपला, आन फोन बी बंद," ते म्हणाले. "लोकं तोंडावर सांगंनात. पावणं, तुमी शिकलेलं. पाखऱ्यानं काय चूक केली ते तरी सांगा की."

मी पाखऱ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांतही मी तसाच लहानसा, वाकडा होतो. आठही खोंडांचे डोळे मला त्याच्यात दिसले. कपाळावरचा तोच खळगा, कानांची तीच ठेवण. आठ गावं निवडताना मी नद्या बघितल्या होत्या, चढ बघितले होते, डॉक्टरांचे पत्ते बघितले होते.

"त्याने काही चूक केली नाही," मी म्हणालो.

फाल्गुनात मुख्याध्यापक आमच्याकडे पेढे घेऊन आले. अवघडल्यासारखे उभे होते. घर एका डॉक्टर दांपत्याला दिलं होतं. "मी फार थांबलो हो," ते अक्काताईला म्हणाले. तिने पेढे घेतले, त्यांना बसवलं, पाणी दिलं, त्यांच्या नातवाची चौकशी केली. ते गेल्यावर ती पेढ्यांचा पुडा हातात घेऊन खाटेवर बसली.

"तम्मा, एक विचारू? रागवू नगंस."

"विचार."

"मी तिकडं गेलो असतो, तू एकटा ऱ्हायला असतास, म्हणून इकलं न्हाईस व्हय?"

"नाही," मी म्हणालो. ते खरं होतं. समोरचं घर गल्ली ओलांडली की होतं. तिथे मी रोज जेवायला गेलो असतो. "माझा हिशेब चुकला. आठांचा बाप एक होता. मी वेगळेपणा मोजला, सारखेपणा मोजला नाही. अशा वेळी सगळं एकदम..."

"ते मला म्हायत हाय," ती म्हणाली. "बाप एकच हुता ते मला पयल्या दिवशी म्हायत हुतं. पर दसऱ्याला इकायला तुला कुनी अडवलं? बापानं?"

ती रागावली नव्हती. तिलाही, मला वाटतं, कुतूहलच होतं. तिने एक पेढा काढला, अर्धा मोडून माझ्या हातावर ठेवला, उरलेला स्वतः खाल्ला.

"ऱ्हातो की हितंच," ती म्हणाली. "दुसरा मजला बी काय कमी न्हाय. कृष्णामाई एवढं चढंल तवा चढंल."

अर्धल्या एकेक करून मोडल्या. ज्या भावाला घेतले होते त्याच्याच आसपास खोंड गेले. पाळणाऱ्यांच्या वाट्याला फायदा म्हणून काही उरलं नाही, तेव्हा अक्काताईने तिच्या रकमेतून प्रत्येकाला वैरणीपुरतं दिलं. मी नको म्हटलं नाही. ज्ञानूचा खोंड एका ऊस वाहणाऱ्या गाडीवानाने नेला; ज्ञानूने त्याचंही चित्रण केलं, पण ते कुठे टाकलं नाही. झुंबरबाईंचा राधानगरीकडच्या एका शेतकऱ्याने नांगराला नेला. टेम्पो वळणाआड गेल्यावर त्यांनी पदराने डोळे पुसले आणि लगेच माझ्यावर ओरडल्या, "आता खोंड न्हाय म्हनून येनं सोडू नगा! च्या काय खोंड करत हुता व्हय?"

"येईन," मी म्हणालो. आणि मला तेव्हाच कळलं की मी येणार नाही. खोंड नसताना त्यांच्या अंगणात उभं राहून मी कशाकडे बघणार होतो?

त्यानंतरच्या रविवारी मी नेहमीच्या वेळी उठलो. टाकीवर रेघ उमटली, कठड्यावर आली, ओघळांमधून उतरत तिसऱ्या मजल्याशी थांबली. तिथे आता पडदे होते, जाड, निळसर. ऊन त्यांच्यावर थोडा वेळ पसरून राहिलं आणि आत न जाता, माघारीही न फिरता, तिथेच विरलं. आमच्या भिंतीवर कवडसा आला नाही. अक्काताई कोमट पाणी पिऊन, साडी सारखी करून बस्तीला निघाली. "जातो रे," म्हणाली.

मी अंघोळ केली, रविवारचा शर्ट घातला, हेल्मेट हातात घेतलं आणि खाली आलो. मोटारसायकल चालू केली. गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबलो. डावीकडे पन्हाळा, उजवीकडे शिरोळ. मागून एक रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. "पावणं, जायचं तरी कुठं हाय?" त्याने शेजारून जाताना विचारलं.

मी गाडी बाजूला घेतली आणि बंद केली.

दसऱ्याला मी ते आठ खोंड विकले नाहीत, कारण रविवारी मला जायला दुसरं ठिकाण नव्हतं.